चाओ की छाओ

चीनच्या राजा-मंत्र्यांशी माझं काही वाकडं नव्हतं. नववीपर्यंतच्या पुस्तकांत चीन कुठे आला असेल तर मला आठवत नाही, आणि नववीनंतर शाळाच सुटली. तरी भिलाईत, सुपेल्याच्या टायपिंगच्या दुकानात बसून मी त्या लोकांच्या नावाने जेवढा त्रागा केला, तेवढा सख्ख्या नातेवाइकांच्या नावानेही केला नसेल. एका माणसाची तीन स्पेलिंगं. दोन माणसांचं एक स्पेलिंग. आणि जुन्या पुस्तकात जे स्पेलिंग एका मंत्र्याचं, तेच नव्या पुस्तकात भलत्याच मंत्र्याला देऊन टाकलेलं. कोणी केलं हे, आणि कावून केलं, असं मी कॉम्प्युटरच्या पडद्याला विचारायचे. पडदा काय सांगणार!

मी वाशिमकडची. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने घर सांभाळायला म्हणून शाळेतून निघाले, ती निघालेच. पुढे मावशीने मला इकडे आणलं. मावशीचे यजमान रेल्वेत, चरोद्याच्या कॉलनीत क्वार्टर. तिने मला खाऊ-पिऊ घातलं, टायपिंगच्या क्लासला घातलं आणि एवढं करून कधी बोलून दाखवलं नाही. दुकानाच्या मालकांनी, त्यांना सगळे भैया म्हणतात, नववी पास मुलीला कामावर घेतलं. ह्या सगळ्यांचे उपकार मी रोज सकाळी लोकलमध्ये बसल्यावर एकदा मनात मोजते. चरोद्याहून पॉवर हाउस स्टेशन येईपर्यंत ते बरोबर मोजून होतात.

माझं स्वतःचं नाव भिलाईत आल्या आल्या हरवलं होतं. महाराष्ट्रातल्या माझ्या शाळेच्या टी.सी.वर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. इकडे नाव आधी लिहितात. फॉर्म भरणाऱ्या माणसाने पहिला शब्द तेच नाव असं धरलं आणि माझं आडनाव माझं नाव होऊन बसलं. त्यात 'ळ' होता, त्याचा इंग्रजीतून परत येताना 'ल' झाला. दुकानात मला अजून त्याच हाकेने बोलावतात. मी दुरुस्त करायला गेले नाही. लोकांनी ठेवून घेतलं हेच खूप, त्यात परत नाव काय सांगत बसायचं.

भैयाचा दुकानात एकच नियम होता. "जो दिखे वो टाइप करो, दिमाग मत लगाओ।" मला तो नियम फार आवडायचा. डोकं लावायचं नाही म्हटलं की चुकायची भीती अर्धी होते.

एके दिवशी दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या, खादीची साडी, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत पातळ पिवळट कागदांचा मोठा गठ्ठा. ह्या बाई इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. चीनच्या राज्यकर्त्यांवर त्यांनी तीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून पुस्तक लिहिलं होतं, जुन्या टाइपरायटरवर स्वतः बडवून. मूळ प्रत तेव्हाच एका प्रकाशकाकडे पाठवली, ती परत आलीच नाही. उरली ती ही कार्बनची प्रत. आता नागपूरचा एक प्रकाशक छापायला तयार झाला होता, पण त्याला सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याच्या पडद्याला त्रास. टाइप केलेलं मोठं अक्षर कसंबसं दिसायचं, बारीक काही दिसायचं नाही.

त्यांनी गठ्ठ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि भैयाला म्हणाल्या, "ये पढ़िए ज़रा।"

टी, एस, ओ. भैयाने पाहिलं. "टी... टीसो?"

"तू वाच ग," बाई माझ्याकडे वळल्या.

मी हळूच म्हटलं, "त्सो." आपल्या चोरातला चो. ह्याच 'चो'ला दुकानात सगळे हसायचे, कारण हिंदीत चोर म्हणताना जीभ वेगळीकडे लागते आणि मी म्हटलेला चोर त्यांना बोबडा वाटायचा.

बाईंचा चेहरा एकदम खुलला. "मराठी का ग तू? कुठली?"

"वाशिमची, बाई."

"वाटलंच मला. इकडच्या लोकांच्या तोंडात हा च बसतच नाही." आणि भैयाला म्हणाल्या, "काम इसी को देना। और किसी को नहीं।"

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नाव घेऊन, म्हणजे नाव न घेता, पण बोट दाखवून निवडलं होतं. आणि तेसुद्धा ज्या अक्षरापायी हसणं व्हायचं त्या अक्षरासाठी. त्या दिवशी लोकलमध्ये उपकारांच्या यादीत बाईही आल्या.

आता माझी चूक सांगते.

पहिल्याच पानावर नावांच्या पोटात, वरच्या अंगाला, एक बारीक टिपका दिसला. सी, एच, मग टिपका, मग ए, ओ. असा टिपका इंग्रजीत 'एस'च्या आधी येतो, कोणाचं काय ते दाखवायला, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. नावाच्या मधातच तो कशाला येईल? आणि कार्बनच्या प्रतीवर टिपके काय कमी होते? तीस वर्षं भिलाईच्या घरात राहिलेला कागद. इथे कारखान्याच्या धुळीने सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. ओळींच्या वर, ओळींच्या खाली, समासात, सगळीकडे काळे टिपके.

तरी मी विचारलं. मी सगळंच विचारते. भैयाने कागद उजेडात धरला, अंगठ्याने घासला आणि अंगठा मला दाखवला. काळा झाला होता.

"धूल है, धूल। छोड़ो।"

मी सोडले. 'एस'च्या आधीचे टिपके तेवढे ठेवले, बाकीचे सगळे गाळले. पानामागून पान. मला वाटलं मी बाईंचं पुस्तक साफ करून राहिली आहे. शेवटी सूचीही मीच केली, कोणतं नाव कोणत्या पानावर. चिन्यांचं आडनाव आधी येतं हे मला कोणी सांगावं लागलं नाही, माझ्या टी.सी.सारखंच तर होतं. मला उगाच आपलेपणा वाटला त्यांच्याबद्दल.

फाइल नागपूरला गेली आणि दोन आठवड्यांनी तिथल्या संपादकांचं लांबलचक पत्र आलं. भैयाने ते मोठ्याने वाचलं आणि जमेल तसं हिंदीत सांगितलं. एक, पुस्तकातली नावं फार जुन्या स्पेलिंगात आहेत, आता जगभर नवं स्पेलिंग चालतं, सगळी बदलून द्या. दोन, पण सगळी नाही. चीनच्या प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष आणि तो बेटावर गेलेला सेनापती, ह्यांची नावं इंग्रजीत दक्षिणेकडच्या उच्चारावरून आलेली आहेत आणि लोकांना तीच माहीत आहेत, त्यांना हात लावू नका. तीन, महिनाअखेरपर्यंत दिलं नाही तर पुस्तक यंदाच्या यादीतून जाईल.

आणि चार. सूचीत एक मंत्री आहे, पुस्तकात नुसत्या आडनावाने येतो, चाओ, सी-एच-ए-ओ. हा नव्वदाव्या पानावर मारला जातो आणि एकशे दहाव्या पानावर, वेगळ्या घराण्याच्या काळात, पन्नास वर्षांनी बादशहाला सल्ला देतो. हा एकच माणूस आहे का? जुन्या पद्धतीत अशा नावांच्या मधे एक चिन्ह असतं. ते पुस्तकात एकाही जागी दिसत नाही. लेखिकेने लावलं नाही, की टायपिंगमध्ये गेलं?

भैयाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कीबोर्डकडे पाहिलं.

"बोल देना मैडम को, कॉपी में था ही नहीं," भैया म्हणाले. "उनको कौन सा दिखता है।"

ते मला वाचवायलाच बोलले होते. अंगठा त्यांचाही काळा झाला होता, तरी ते तसं म्हणाले ते माझ्यासाठी. पण 'त्यांना कुठं दिसतं' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दिसत नाही म्हणून तर त्यांनी मला निवडलं होतं.

मी आधी गुपचूप निस्तरायचं ठरवलं. कार्बनची पानं परत काढली, भिंग घेऊन बसले. पण कोणता टिपका बाईंचा आणि कोणता धुळीचा, काही केल्या कळेना. मग मोबाइलवर शोधलं. तिथे तर आगीतून फुफाट्यात. एक साइट म्हणे क्यूचा उच्चार च-छसारखा. एक्सचा श. सीचा त्स. मी म्हटलं, मग सीएचचा? तर तो पण छ. अरे मग क्यूने काय घोडं मारलं होतं! राजधानीचं नाव बदललं, पण हॉटेलच्या मेनूतल्या बदकाचं नाव जुनंच ठेवलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या त्या थोर गुरूच्या नावाला पाद्र्यांनी लॅटिनचं शेपूट लावलं ते अजून तसंच, त्याला नवा नियम नाही आणि जुनाही नाही. नियम तरी कशाला करता मग? माझं आडनाव माझं नाव केलं तो फॉर्मवाला एकटाच होता. ह्यांनी तर अख्ख्या देशाचे फॉर्म भरले.

दोन दिवस मी असं करत राहिले. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "तू जेवून नाही राहिली धड. कोणी काही बोललं का दुकानात?"

मी तिला सगळं सांगितलं. टिपका, अंगठा, चाओ, सगळं. तिने भाकरी उलटवली.

"मग जाऊन सांगत कावून नाही?"

"त्या मले काढून टाकतील."

"टाकतील तर टाकतील. इथून तर कोणी नाही काढून राहिलं तुले."

दुसऱ्या दिवशी मी सेक्टरमधल्या बाईंच्या घरी गेले. गठ्ठा छातीशी धरून दारातच उभी राहिले.

"ये ना आत. कावून उभी राहून राहिली?" बाई शिकलेल्या, पण वैतागल्या किंवा खूश झाल्या की मूळचं नागपूर बाहेर यायचं.

"बाई, ते नावातले टिपके मी नाही टाइप केले."

"कोणते टिपके?"

"नावाच्या मधात वर असतात ना, ते. मले धूळ वाटली."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"किती गाळले?"

"सगळे."

"सगळे!" त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "तीनशे पानं! एक-एक टिपका मी शिफ्ट दाबून मारला होता ग. नखं तुटायची माझी. आणि तुले धूळ वाटली?"

शेवटी बाई खाली बसल्या. टेबलावरच्या वर्तमानपत्राची एक चिंधी फाडली आणि माझ्या ओठांसमोर धरली.

"क म्हण."

"बाई, मी..."

"क म्हण म्हटलं ना!"

"क."

चिंधी हलली नाही.

"आता ख."

"ख." चिंधी फडफडली.

"त. थ. प. फ. च. छ." मी म्हणत गेले आणि चिंधी एक आड एक फडफडत राहिली. "कळलं? ती धूळ नव्हती, पोरी. तो श्वास होता. टिपका नसला तर च, असला तर छ. चिनी भाषेत तेवढ्यानं माणूस बदलतो."

मला इतका राग आला की मी बाईंच्या घरी अपराधी म्हणून आले आहे हेच विसरले. "मग एच लावायचा ना त्यांनी! आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या पोराले येते क आणि ख. एवढे मोठे इंग्रज, त्यांले टिपका सुचला?"

"तेच तर!" बाई एकदम म्हणाल्या. "वकिलातीत बसलेल्या इंग्रजांनी केलेलं काम ते. त्यांच्या कानाला क आणि ख सारखाच. मग लावला टिपका. आणि त्यांच्याच वर्तमानपत्रांना तो टिपका छापायचा कंटाळा, म्हणून वर्षानुवर्षं गाळत आले. तू पहिली नाहीस." मग थांबून म्हणाल्या, "पण त्यांनी माझं पुस्तक नव्हतं टाइप केलं."

मी मान खाली घातली.

"शेवटी चिन्यांनीच ठरवलं, टिपका नको. जो च होता त्याला झेड-एच द्या आणि जो छ होता त्याला नुसता सी-एच द्या. म्हणजे माझ्या पुस्तकातला चाओ आता झेड-एच-ए-ओ. आणि छाओ, टिपका काढून, सी-एच-ए-ओ."

"म्हणजे जुन्या पुस्तकातला सी-एच-ए-ओ वेगळा आणि नव्यातला वेगळा?"

"हो."

"स्पेलिंग तेच?"

"तेच."

मी कपाळाला हात लावला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांचं ओरडणं थांबलं.

मग त्यांनी मला ते दोघे कोण ते सांगितलं. चाओ हा एका बादशहाचा सर्वेसर्वा मंत्री. एकदा त्याने भर दरबारात हरीण आणलं आणि म्हणाला, महाराज, हा घोडा. जे घाबरले ते म्हणाले घोडा. ज्यांनी हरीण म्हटलं त्यांना त्याने पुढे संपवलं. छाओ हा नंतरच्या घराण्यातला. त्याने बादशहाला भल्याचं सांगितलं, की ह्या मांडलिक राजांकडे मुलूख फार झाला आहे, कमी करा. राजे उठले, आणि घाबरून बादशहाने ह्यालाच दरबारी पोशाखातच बाजारात नेऊन मारवलं.

"तुझ्या सूचीत हे दोघं एक झाले," बाई म्हणाल्या.

मला त्या छाओचं फार वाईट वाटलं. मेला तो मेला, वर माझ्या हाताने त्या हरीणवाल्याच्या खात्यात गेला.

"बाई, मले काढू नका," मी म्हटलं. "मी सगळं परत करते."

"कसं करशील? टिपका कोणता, धूळ कोणती, तुला दिसत नाही. मला तर काहीच दिसत नाही." त्यांनी बोटाने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं. "इथं मात्र सगळं आहे. तू वाच. मी सांगते."

भैयाने मला दुपारी दोननंतर मोकळं केलं. कुरकुरले, पण केलं. मी बाईंच्या व्हरांड्यात बसायचे, एक-एक नाव वाचायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या. "छ." मी पेन्सिलने खूण करायचे. "पुढचं." मी पुढचं वाचायचे. "त. साधा त. पुढचं." कधी माझा च नीट लागला नाही की म्हणायच्या, "अगं, चुलीतला च लाव, चमच्यातला पहिला नको." चुलीतला लावला की, "हां. पुढचं." असे आठ दिवस. त्या 'पुढचं'ची मला सवय झाली. तो शब्द आला म्हणजे आधीचं बरोबर झालं, आणि मी अजून कामावर आहे.

नवव्या दिवशी एक नाव अडलं. कोण्या एका सरदाराचं, दोनदाच आलेलं. बाईंनी ओठ हलवून पाहिले. क, ख, क. "नाही आठवत ग." त्या अस्वस्थ झाल्या. "आण तो कागद इकडे."

"तुम्हाला दिसणार नाही, बाई."

"आण तर."

त्यांनी पान घेतलं, सवयीने चष्म्याजवळ नेलं, मग कंटाळून उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवू लागल्या. फिरवता फिरवता थांबल्या.

"आहे."

"काय आहे?"

"टिपका. लागते आहे बोटाला. बघ."

मी अंगठा ठेवला. खरंच होता. मोहरीहून बारीक उंचवटा. टाइपरायटरचा खिळा कागदावर आपटतो, कार्बनमधूनसुद्धा मागे टोचलेलं उठतं. धूळ नुसती बसते. ती टोचत नाही.

"बाई!" माझा आवाज व्हरांड्याबाहेर गेला असेल. "हे आधी कावून नाही सांगितलं? आठ दिवस झाले!"

"आधी कुठं सुचलं! आणि ओरडू नको, मले दिसत नाही, ऐकू येते."

मग परत पहिल्या पानापासून. ह्या वेळी कानाने नाही, अंगठ्याने. बाईंनी गठ्ठा मला घरी नेऊ दिला. त्यांची तीस वर्षांपासूनची एकुलती एक प्रत, आणि ती ज्या पोरीने एकदा बिघडवली तिच्याच पिशवीत. लोकलमध्ये मी ती पिशवी मांडीवर धरून दोन्ही हात वर ठेवले आणि उपकार मोजायचे विसरले.

रविवारी दुपारी मी मावशीच्या घरी खाटेवर पानं पसरून बसले. बाईंची आठवण बहुतेक ठिकाणी खरी होती. चार-दोन लहान चुका निघाल्या, त्या मी खूण करून ठेवल्या. मग तो आला.

तो एका प्रांताचा अधिकारी होता, नदीचे बांध बांधणारा. पुस्तकात चार ठिकाणी यायचा. बाईंचा हा लाडका माणूस. नाव वाचताना त्या थांबून त्याच्याबद्दल सांगत बसायच्या, पुरात स्वतः बांधावर उभा राहिला, लोक गेल्याशिवाय हलला नाही. बाई त्याला थुंग म्हणायच्या. थ, श्वासाचा. मी खूणही तशीच केली होती.

कागदाच्या मागे काहीच नव्हतं. मी परत पाहिलं. चारही ठिकाणी पाहिलं. मावशीला बोलावलं.

"इथं बोट फिरव. काही लागते का?"

"नाही."

"आणि इथं, ह्या बाजूच्या शब्दाखाली?"

"हो, इथं लागते."

म्हणजे थुंग नव्हता. तुंग होता. नव्या स्पेलिंगात थुंगचा टी-ओ-एन-जी झाला असता, तुंगचा डी-ओ-एन-जी. सगळं वेगळं.

मावशी म्हणाली, "राहू दे. मोठ्या बाई आहेत. त्यांचंच नाव आहे पुस्तकावर, तुझं काय जाते? म्हातारपणी कशाला दुखवायचं?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझं काम टिकलं होतं, बाई 'पुढचं' म्हणायला लागल्या होत्या. आणि कोणाला कळणार होतं? बाईंना तर दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मला भैयाचा आवाज ऐकू आला.

फाइल महिनाअखेरच्या आदल्या दिवशी नागपूरला गेली, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्यासारखी धाकधूक नको. सूचीत चाओ वेगळा आणि छाओ वेगळा गेला. पण त्याआधीचा सोमवार अजून सांगायचा आहे.

सोमवारी मी ती चार पानं सगळ्यांत वर ठेवली आणि बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"बाई, तो थुंग नाही. तुंग आहे."

"कोण?"

"बांधवाला."

"चल! थुंग आहे तो. मी त्याच्यावर शिकवलं आहे." त्यांनी हात पुढे केला. मी पान उलटं करून दिलं आणि त्यांचा अंगठा धरून त्या जागी ठेवला. बाईंनी फिरवला. परत फिरवला.

"मशीनची ती की अडकायची कधी कधी," त्या म्हणाल्या.

"त्याच ओळीत पुढच्या नावात आहे टिपका, बाई. तो लागते."

त्यांनी तोही पाहिला. मग मी दुसरं पान दिलं, तिसरं, चौथं. चौथं त्यांनी बराच वेळ हातात ठेवलं. टाइप करताना त्यांनी संदर्भाच्या पुस्तकात पाहून बरोबर मारलं होतं, आणि वर्गात उभं राहिल्यावर तोंडातून थ यायचा. तीस वर्षं.

"एका मुलीनं एकदा वर्गात तुंग म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "मी तिला सगळ्यांसमोर हसले. म्हटलं, तोंडात भात आहे का?"

मला वाटलं आता गठ्ठा बंद होईल. बाई म्हणतील, जा तू, उद्यापासून नको येऊ. मी पिशवीचे बंद हातात धरूनच ठेवले होते.

व्हरांड्याबाहेरून ट्रक गेल्याचा आवाज आला, आणि टेबलावरच्या कागदावर नवी धूळ बसली असणार, पण ती पुसायला आम्ही दोघीही हललो नाही. बाईंनी पान टेबलावर ठेवलं, सरळ बाजू वर करून, आणि दोन्ही हातांनी नीट केलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "डी."

"डी," मी म्हटलं.

"ओ. एन. जी."

मी लिहिलं. चारही ठिकाणी लिहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"पुढचं."